देवीच्या ओटीतले तीस रुपये

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुकांची माफी आधीच मागून ठेवते. मला एका सहलीबद्दल लिहायचं आहे. त्या तीन-चार दिवसांत मी जेवढी बोलले तेवढी त्याआधी वर्षभरातही बोलले नसेन.

आम्ही तेव्हा परळला चाळीत राहत होतो. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून सभा आणि मोर्चे चालू होते. नायगावच्या मैदानात सभा असली की आम्ही मजल्यावरच्या सहा बायका जेवणं उरकून जायचो. भाषणांपेक्षा आम्हाला पोवाडे आवडायचे. गडाचं नाव निघालं की सगळं मैदान टाळ्या वाजवायचं, आम्हीही वाजवायचो. एकदा परत येताना टोकाच्या खोलीतल्या मावशी म्हणाल्या, "गड गड म्हणान टाळये वाजवतंव, पण गड बघल्यान कोणी?"

कोणीच बघितला नव्हता. आम्ही सहाही जणी कोकणातल्या. बोटीनं मुंबईला आलो, ते चाळीत शिरलो. घाट चढून गेलेलं कुणी नव्हतं.

मावशी वयानं मोठ्या, गिरणीतल्या वीस माणसांना जेवू घालायच्या. त्यांनी ठरवलं की झालं. त्या वर्षी प्रत्येकीनं वेगळं हळदीकुंकू न करता सहाजणींत मिळून एकच करायचं, वाण म्हणून नुसती एकेक फणी द्यायची आणि वाचलेल्या पैशांत साताऱ्याला जायचं. सव्वीस जानेवारी सोमवारी येत होती, म्हणजे रविवारला जोडून सुट्टी. घरची माणसं दोन-तीन दिवस मावशींच्या जेवणावळीत जेवतील, तिथं त्यांची सून बघेल, हेही त्यांनीच ठरवून टाकलं.

पैसे ठेवायला माझ्याकडे दिले. "हिच्या तोंडातसून शब्द भायर पडना नाय, पैसो खयसून पडतलो!" असं मावशी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. ते खरंच होतं. मला वाण्याकडेसुद्धा दोनदा मागायला लाज वाटायची. एकदा ऐकू गेलं नाही की मी तशीच परत यायची.

साताऱ्याला आम्ही धर्मशाळेत उतरलो. सुट्टीमुळे तिथं गर्दी होती आणि शेजारच्या एका बाईचं पाकीट पहिल्याच दिवशी गेलं. परतीच्या तिकिटाचे तीस रुपये माझ्या कमरेला होते. मला धीर निघेना. मग मला एक युक्ती सुचली. देवीसाठी हिरव्या खणाची ओटी नेलीच होती. त्याच कापडाचा दुसरा तुकडा माझ्याकडे होता. त्यात नारळ ठेवला, खाली नोटांची घडी घातली आणि हुबेहूब ओटीसारखी गाठ मारली. चोर झाला तरी देवीच्या ओटीला हात लावणार नाही, असा माझा हिशेब.

रविवारी अजिंक्यतारा चढलो. सातारा त्याच्या पायथ्याशीच आहे, तरी आम्हाला दोन तास लागले. लुगडी वर खोचलेली, वहाणा हातात. आमच्यातली एक शिंप्याची बायको होती, तिचं तोंड चढावरही बंद नव्हतं. दरवाजाच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे बघून ती म्हणाली, "हत्ती अडवायला एवढे खिळे कशाला गं? आमच्या मावशींना दारात बसवलं असतं तरी हत्ती परत गेला असता."

"तुका बसवतंय थांब," मावशी धापा टाकत म्हणाल्या.

वर पोहोचल्यावर मात्र सगळ्या इकडंतिकडं शोधू लागल्या. आम्हाला वाटलं होतं, राजवाडा असेल, सिंहासन ठेवायची जागा असेल. तिथं पडक्या भिंती होत्या, पाण्याची तळी होती, वाळलेलं गवत होतं. वारा एवढा की पदर सांभाळता सांभाळता हात दुखले. खाली कौलं, रस्ते, मुंगीएवढी एसटी. चारी बाजूंनी डोंगर, एकामागे एक. मावशी बुरुजावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्येच्यासाठी इतकी माणसां मेली?"

आमच्या शेजारच्या चाळीतला एक तरुण मुंबईच्या गोळीबारात गेला होता. तो कामावरून येत होता, मोर्चातसुद्धा नव्हता. मला तोच आठवत होता, बाकीच्यांनाही आठवत असावा. दगडाकडे बघून मला वाटलं, माणसं दगडासाठी मरत नसतील, खाली राहणाऱ्यांसाठी मरत असतील. पण मी ते बोलले नाही.

सोमवारी दुसऱ्या गडावर गेलो. त्याचं नाव मी लिहीत नाही. पुढं जे झालं त्यात तिथल्या गुरविणीनं काही वावगं केलं नाही, तरी लोकांना बोलायला काहीही पुरतं. एसटीनं पायथ्यापर्यंत आणि मग पायऱ्या. वर देवीचं देऊळ. सणासारखी गर्दी लोटली होती. मागून रेटा, पुढून घंटा, आणि मावशींचा आवाज, "दी गो ओटी, दी बेगीन!" मी पिशवीत हात घातला, हाताला लागली ती ओटी दिली, कपाळ टेकलं आणि बाहेर आले.

अर्धा गड उतरून आम्ही दशम्या खायला बसलो. पैसे आहेत ना म्हणून मी पिशवीतली गाठ सोडली. आत नारळाखाली तांदूळ, सुपारी, हळकुंड. देवीला दिली ती पैशांची ओटी होती. बोलवेना, म्हणून मी नुसता खण पुढे केला.

सगळ्यात आधी शिंपिणीच्या लक्षात आलं. "देवीनं आपल्याकडून वाण घेतलं गं बायांनो! आपण फण्या वाटल्या, तिनं रोकड घेतली." पण तिलाही पुढं हसू आलं नाही. सहाजणींच्या कनवटीला मिळून सव्वातीन रुपये निघाले. मंगळवारी सकाळची एसटी होती, बुधवारी पहाटे माणसांचे डबे करायचे होते.

एक म्हणाली, जाऊन मागू या. मावशी उसळल्या. "ओटयेत घातलेला परत मागतत? घराक बरा नाय ता." मग माझ्याकडे वळल्या. "पण जावन सांगूक होया. तूच जा. मी येवचंय नाय. तुझ्या तोंडान सांग."

मी एकटी परत चढले. दर वळणावर वाक्य जुळवत होते आणि पुढच्या वळणावर विसरत होते.

गर्दी ओसरली होती. देवळामागच्या पडवीत गुरवीण ओट्यांचा ढीग सोडत बसली होती. नारळ एकीकडे, तांदूळ सुपात, खण एकावर एक. वयानं माझ्याएवढीच. "काय गं, काय इसरलीस?" तिनं विचारलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. ती एक ओटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "बसतीस तर ह्या गाठी सोडू लाग."

मी बसले. दोघी गाठी सोडत होतो. सात-आठ झाल्या असतील, आणि माझी ओटी माझ्याच हातात आली. मी दुहेरी गाठ मारते, ती ओळखू आली. सोडली. नारळाखाली नोटांची घडी तशीच होती. गुरवीण पाठमोरी होऊन तांदूळ मडक्यात ओतत होती. घडी पदरात टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. चोरीही झाली नसती, पैसे आमचेच होते. अजून मला नीट सांगता येत नाही की मी तसं का केलं नाही. एवढंच आठवतं, की खाली जाऊन "मी सांगितलं" असं खोटं सांगावं लागेल, हे माझ्या मनात आलं.

"बाई," मी म्हणाले, "हे पैसे माझ्याकडून चुकून आले. सहाजणींचे आहेत. परतीचे."

मग सगळं सांगितलं. खण, चोर, मावशी, सगळं. मी इतकं कुणाला सलग सांगितलंच नव्हतं.

ती ऐकत राहिली. घडी माझ्या हातातून घेतली आणि देवीच्या पेटीत टाकली. "ते आता देवीचं. तिच्या ओटीतलं तुला देणारी मी कोण?" असं म्हणून ती आत गेली आणि डाळीच्या डब्यातून फडक्यात बांधलेले पैसे घेऊन आली. "हे म्हशीच्या दुधाचं. हे माझं हाय. जमंल तसं पाठव. पत्ता लिहून दे, मला वाचाया येत न्हाय, पर पोस्टमन वाचतो."

मी माझा पत्ता लिहून दिला आणि तिचा लिहून घेतला. तिनं मोजले तेव्हा बरोबर तीस होते. पाच रुपये तर तिनं सुटी नाणीच दिली.

खाली आल्यावर मावशींनी पैसे बघितले, सगळी हकीकत ऐकली. "सगळ्यांनी पाच पाच देवया," त्या म्हणाल्या.

"नको," मी म्हणाले. "युक्ती माझी होती."

मावशींना 'नको' म्हणण्याची माझी ती पहिली वेळ. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

घरी यांना सांगितलं. यांच्या गिरणीत त्या वर्षी कामाचे दिवस बुडत होते, त्यामुळे पगारातून मागवेना. मी दोन जेवणारे ठेवले. मनीऑर्डर कधी तीन रुपयांची, कधी दोनच. हरताळ झाला त्या महिन्यात काहीच नाही. कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असते. पहिल्यांदा काय लिहावं सुचेना, "पैसे पाठवले" एवढंच लिहिलं. मग लिहीत गेले. म्हैस व्याली का. वर थंडी फार आहे का. इकडं नळाला पाणी येत नाही. तिच्याकडून उत्तर म्हणून पोचपावती यायची, त्यावर तिचा निळा अंगठा.

महाराष्ट्र झाला तेव्हा परळभर दिवे लागले, पेढे वाटले. मीही वाटले. त्या दिवशी माझे अजून चार रुपये बाकी होते, आणि गुलालात उभी असताना तेही माझ्या लक्षात होतं. पुढच्या महिन्यात मी ते चार पाठवले. कुपनावर लिहिलं, "आता पुरे झाले." आठवड्यानं पोचपावती आली. खाली अंगठा होता, आणि त्याच्या वर पोस्टमनच्या अक्षरात एक ओळ, तिनं सांगून लिहवलेली: "तीसच्या तीस पोचले."