राक्षसाला काजळ नको: पेटी घेऊन चामोर्शीपर्यंत

"राक्षस मेल्यावर उठून गातो? मग मेला कशाला?" नागपुरातल्या एका नाटक मंडळीच्या मालकाने मला हसत विचारलं. मी पेटीचा भाता बंद केला, त्याचा चहा तसाच ठेवला आणि घरी येताना ठरवून टाकलं की ही संगीतिका आता झाडीतच उभी करायची. चांदा जिल्ह्याच्या रानात. तिथून उचललेला प्रसंग तिथेच नेऊन गाऊन दाखवायचा.

खेळ काय होता ते आधी सांगतो. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत दंडारीमधून, म्हणजे तिथल्या नाचगाण्याच्या खेळातून, एक जुना प्रसंग गातात. राजा शिकारीला येतो, रानातला राक्षस वाट अडवतो, राजा त्याला मारतो. राक्षसाचं तोंड काजळाने काळंकुट्ट, राजाचं पावडरीने लखलखीत. राक्षस आला की बघणारे त्याच्यावर मुठी भरभरून धानाचा कोंडा फेकतात. तसा रिवाज आहे, कोंडा घरूनच आणतात. मी ती जुनी पदं तशीच ठेवली. राजाला पन्नास वर्षांपूर्वीच्या रंगभूमीच्या धाटणीची, ताना-पलट्यांची पदं दिली. आणि वधानंतर माझी नवी रचना सुरू केली. मेलेला राक्षस उठतो आणि विचारतो: रान माझं, वाट माझी, मग राक्षस मी कसा? बोलायचं वाक्य एकही नाही, सगळं गाण्यात. राक्षस गाणारा माणूस मात्र गोंडच हवा आणि त्याच्या तोंडाला काजळ लागता कामा नये, ही माझी अट. सगळं अडलं होतं ते या अटीवर.

मी धंद्याने घड्याळजी. पेटीला गुरू केला नाही. एक जुनी पेटी उघडून, सूर एकेक सुटा करून, पुन्हा बसवून शिकलो. माझा रंग सावळ्याच्या पुष्कळ पुढचा. कितीतरी वर्षं मंडळ्यांनी मला पेटीमागे बसवलं, उजेडात एकदाही उभं केलं नाही. तेव्हा ही अट मी कुठून काढली हे वेगळं सांगायला नको.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा. पावसाळ्यात नाले मोटर अडवतात, उन्हाळ्यात ऊन. इतवारीहून छोट्या लाइनची गाडी पकडायची आणि नागभीडला बदलायची. पेटी नेणार असाल तर ती गोधडीत गुंडाळा. पोत्यात नको, पोत्याचे धागे भात्यात शिरतात. गाडी इतकी सावकाश चालते की माणसं उतरून बोरं तोडतात आणि पुन्हा चढतात. समोरच्या बाकावरच्या बाईंनी माझ्या मांडीवरची गोधडी बराच वेळ न्याहाळली.

"भाऊ, लेकरू बिमार हाय का गा?"

"पेटी आहे बाई. वाजवायची."

"मंग वाजवा ना! नागभीड येते तवर काय तोंडं पाहाची एकमेकायची?"

वाजवली. डब्याने तिकिटाचे पैसे वसूल केले.

वडशाला उतरलं की पहिला येतो तो नव्या तांदळाचा वास. इथले दौलतभाऊ दिवसा तांदळाचे व्यापारी आणि हिवाळ्यात नाटक मंडळीचे मालक. पोत्यांवर बसून त्यांनी माझा सगळा खेळ ऐकला, डोळे मिटून. मग विचारलं, "काजळ नाई लावलं तं लोकायले समजन कसं, राक्षस कोन ते?"

"गाण्यातून समजेल."

"गानं आयकाच्या आधी पाह्यतेत ना लोक, घड्याळवाले!"

शेवटी एक प्रयोग कबूल झाला. चामोर्शीला, बाजाराच्या दिवशी, भर उन्हात. रानातल्या गावांची माणसं बाजाराला येतात आणि वाघाच्या भीतीने दिवस असतानाच परततात. त्यांनी बघावं असं वाटत असेल तर खेळ दिवसाच हवा. दौलतभाऊंनी मला स्वच्छ सांगितलं की हा पडला तर झाडीतली कुठलीच मंडळी या कागदांना हात लावणार नाही. मी म्हटलं, मान्य.

वडसा ते आरमोरी, आरमोरी ते गडचिरोली सर्व्हिस मोटर मिळते. पुढच्या बाकाचे थोडे जास्त द्या, मागे बसणारा उतरताना ओळखू येत नाही, इतकी धूळ. कठाणी नदीला सगळ्यांनी उतरायचं, वाळूतून मोटर ढकलायची, पलीकडे पाय धुऊन पुन्हा बसायचं. दोन्ही बाजूंना साग, मोह, आणि मधूनच बांबूची इतकी दाट बेटं की मोटरीचा आवाज बदलतो. गडचिरोलीत खानावळीत जाडा भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. पोट भरेपर्यंत वाढतात आणि भरल्यावरही वाढतात.

गडचिरोलीहून पुढच्या मोटरीत माझ्या शेजारी सीतारामभाऊ होते, दौलतभाऊंच्या मंडळीचे राजे. गेली कित्येक वर्षं राजाचंच काम. गळा खरोखर सोन्याचा. मांडीवर पावडरीची पेटी सांभाळत होते.

"तुमची पेटी वाजते, माझी दिसते," ते म्हणाले. "लोक पैसे कायचे देतेत, सांगा बरं?"

चामोर्शीत मंगरू भेटला. चाळिशीचा, शांत, दूरच्या गोंड गावाचा. तिथल्या लग्नकार्यांत तो गातो हे दौलतभाऊंना ठाऊक होतं. हिरडा आणि बांबूच्या टोपल्या विकायला तो दर बाजाराला येतो. आदल्या दिवशी तालीम झाली तेव्हा माझी पदं त्याने दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा म्हटली. शेवटी त्याचं एक गोंडी गाणं घ्यायचं ठरलं. त्याचा सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी बसत होता. पेटीत तो नाही, एवढं मी कान लावून नक्की केलं आणि तिथे पेटी थांबवायची असं कागदावर लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला, मांडव झाला, आणि सीतारामभाऊंना माझ्या अटीचा दुसरा भाग कळला. राक्षसाला काजळ नाही, तर राजालाही पावडर नाही.

"मी बिनापावडरचा राजा?" ते ओरडलेच. "उन्हात मी अन् हा एकाच रंगाचे दिसू ना!"

"तेच दाखवायचंय."

त्यांनी पावडरीची पेटी खाडकन बंद केली आणि तिच्यावरच बसले. दौलतभाऊ म्हणाले, "राजाले पावडर, राक्षसाले काजळ. नाई तं खेळ नाई." मी म्हटलं, काजळ लागणार नाही. ऊन चढत होतं. रानातली माणसं मांडवाच्या मागच्या बाजूला, गठुडी बांधून, उभीच होती. ती फार थांबणार नव्हती.

मंगरू ज्वारीची भाकर खात होता. घास संपवून त्याने विचारलं, "काजळ कोन लावते?"

"आमचा रंगवनारा," दौलतभाऊ म्हणाले.

"मी लावतो ना. वरती बसून. साऱ्यायच्या समोर."

माझी अट मोडत होती, आणि तो तिच्यापेक्षा चांगलं काहीतरी मांडत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हात धूत होता. मी म्हटलं, "चालेल. पण धुवायलाही तिथेच पाणी ठेवू."

खेळ सुरू झाला. राजा लखलखीत आला, टाळ्या घेऊन गेला. मग मंगरू एका हातात काजळाची वाटी आणि दुसऱ्या हातात पितळी थाळी घेऊन आला आणि मधोमध बसला. थाळीत आरशासारखा पाहू लागला. मागे झिलकऱ्यांनी जुनं पद धरलं: काळं कपाळ, काळे गाल, रानातून आला काळ. कपाळ म्हटलं की तो कपाळाला काजळ लावी, गाल म्हटलं की गालाला. घाई नाही. आधी हशा झाला. कोंड्याच्या चार-दोन मुठी उडाल्या. पण अर्धं तोंड काळं आणि अर्धं त्याचं, असा तो थाळीतून मान वर करून बघू लागला, तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्यांदा बोलली.

"हा तं मंगरू होय ना बाप्पा! आत्ता टोपली घेतली मी याच्यापासून!"

घरून आणलेला कोंडा तिने त्याच टोपलीत ओतून घेतला होता. उगारलेली मूठ तिने टोपलीत रिकामी केली. शेजारणीने विचारलं, "काऊन वं, फेकत नाई?" ती म्हणाली, "फेक ना तू. मले पुढच्या बाजारी सूप घ्याचं हाय."

लोक हसले, पण हे हसू वेगळं होतं. त्यानंतर कोंडा फार उडाला नाही. राजाने राक्षस मारला. राक्षस उठला, लोट्यातलं पाणी घेऊन तोंड धुतलं आणि माझं पद गायला. मग गोंडी गाणं आलं, मी पेटीवरून हात उचलले, आणि मांडवामागची माणसं गठुडी डोक्यावर तशीच ठेवून गाऊ लागली. एका गड्याला ते खपलं नाही. त्याने मूठभर कोंडा फेकला. तो मंगरूपर्यंत पोचला नाही, माझ्या उघड्या पेटीत पडला. बाजूला राजेसाहेबांच्या पावडरीतून घामाच्या धारा निघाल्या होत्या आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

दिवस कलायच्या आत मंगरू निघाला. "पुढच्या खेपेले काजळ तुम्ही नोका आनू, भाऊ," जाताना म्हणाला. "तुमचं लवकर निघत नाई. मी घरचं आनतो."

परतीच्या मोटरीत सीतारामभाऊ आरमोरीपर्यंत तोंडावरची पावडर पुसत होते. दौलतभाऊ म्हणाले, खेळ पुन्हा करू, वडशाला. तसे सीतारामभाऊ उसळले.

"पन एक सांगून ठेवतो. मी बी समोर बसून पावडर लावीन. मीच काऊन पडद्याच्या मांगं? साऱ्यायचे डोळे त्याच्याच तोंडावर!"

मी त्यांचा हात धरला. त्यांना वाटलं मी समजूत घालतोय.

घरी आल्यावर पेटी उघडली. घड्याळाच्या चिमट्याने कोंड्याची एकेक साल सुरांमधून काढली, कारण वडशाला ती नीट वाजली पाहिजे. नागपूरच्या मालकाने रस्त्यात गाठून विचारलं, पडला ना खेळ? मी म्हटलं, वडशाला या, पुढची जागा ठेवतो. मग खेळाचे कागद काढले. राक्षसाला काजळ नको, ही ओळ खोडली आणि तिथे लिहिलं: दोन पाट समोरासमोर. एकावर काजळ, एकावर पावडर. मध्ये थाळी एकच.