मैदानाच्या कडेने

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान दिसतं. मधोमध मुलगे फुटबॉलवर तुटून पडलेले असतात आणि माझी चौदा वर्षांची सई कडेकडेने फेऱ्या मारत असते. पूर्वी खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी ही पोर!

"खेळत का नाहीस गं?" मी विचारलं.

"आई, मला बारीक व्हायचंय."

मुलगे जिंकायला धावतात आणि ही स्वतःला कमी करायला.

आज बॉल तिच्या पायाशी आला. तिने अशी सणसणीत लाथ हाणली की पोरं बघतच राहिली. ती खळखळून हसली, मग टी-शर्ट खाली ओढून पुन्हा कडेने चालू लागली.

तव्यावरची पोळी करपली, तरी मी खिडकीतून हलले नाही. दिवाळीत नव्या ड्रेसमध्ये तिला 'जाड दिसतेस गं' असं सगळ्यांत आधी मीच म्हटलं होतं.