कळंबचा ठिपका आणि एकच नर

१२ ऑक्टोबर. सकाळी धुकं, दुपारी कडक ऊन.

पुढचे दोन पाय जोडून बसणारा खंडोबाचा किडा सगळ्यांनीच पाहिलेला असतो. त्याच्या मागं लागलो, तर किडे ओंजळभर सापडले आणि किस्से पोतंभर!

आम्ही तिघं: मी, टेलर बशीरभाई आणि गिरणीवाल्या सुमनताई. आमचा किडा झाडावर राहणारा, काडीसारखा सडपातळ. पुण्याच्या कीटकतज्ज्ञ मॅडमच्या नकाशावर सह्याद्रीच्या बाजूला त्याचे ठिपकेच ठिपके. आमचा धाराशिव जिल्हा कोरा! तिथं कळंबचा एक ठिपका पडावा, एवढाच आमचा हट्ट.

* * *

फांदीखाली छत्री उलटी धरायची आणि वरून फांदी काठीनं झोडायची, ही आमची पद्धत. वाशीच्या रस्त्याला एक म्हातारबा हे बघत थांबले. आधी निरभ्र आभाळाकडं बघितलं, मग छत्रीकडं.

"पाऊस झोडून पाडताय व्हय?"

* * *

बशीरभाई प्रत्येक किड्याचं माप घेतात. एकदा भिंगातून बघत म्हणाले, "मान लंबी, कंबर बारीक. ह्याला रेडिमेड बसायचं न्हाय!"

* * *

बरेच दिवस आम्ही दोन जाती धरून चाललो होतो. लांब पंखांचा, किडकिडीत तो 'कळंब एक'; आखूड पंखांचा, जाडसर तो 'कळंब दोन'. एका सकाळी सुमनताईंनी बरणीत डोकावलं.

"अहो, तुमच्या एक नंबरनं दोन नंबरशी संसार थाटलाय!"

झालं! एक नंबर नर, दोन नंबर मादी; दोन जातींची एक जात झाली. मॅडमना फोन केला, तर त्या पोटभर हसल्या. म्हणाल्या, "आता तो नर घेऊन या. ह्या किड्याची जात नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकावरूनच पक्की होते. नर नाही, तर ठिपका नाही."

* * *

नर एकच होता. डबा बशीरभाईंनी भरला. एसटीनं पुणं गाठलं, मॅडमच्या टेबलावर डबा उघडला. आत मादी एकटीच, निवांत पुढचे पाय चाटत बसलेली!

"दोघांना एकाच डब्यात ठेवलं?" सुमनताई किंचाळल्या.

"नवरा-बायको हायत, ताई! पुण्यापर्यंत ताटातूट कशाला?"

मॅडमनी चिमट्यानं डब्याचा तळ तपासला. पंख निघाले. पोट निघालं. ते त्यांनी भिंगाखाली धरलं आणि म्हणाल्या, "शेवटचं टोक शाबूत आहे!"

नकाशावर कळंबचा ठिपका पडला. नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय: 'नर. डोके नाही.'