शोभेचं बटण

धायरीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या बाई सुटे स्क्रू मसाल्याच्या डब्यात ठेवत. आमच्या पाणी आंदोलनाच्या कामाचा, एका कंपनीने तयार जोडून विकलेला कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडत होता. संध्याकाळी सभा, आणि पत्रक अर्धवट. बाईंनी सगळे भाग नव्या, मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवले, पण त्या कॅबिनेटच्या चालू करायच्या बटणाची वायर मदरबोर्डला जोडताच येईना. कंपनीने तिथली पिन मुद्दाम वेगळी केलेली, म्हणजे सगळं त्यांच्याकडूनच घ्यावं लागावं!

"ही सरळ लूट आहे!" मी ओरडलो.

"अहो, भाषण संध्याकाळी करा." त्यांनी जुन्या कॅबिनेटचं बटण वायरीसकट काढून मदरबोर्डला जोडलं आणि नव्या कॅबिनेटबाहेर लोंबतं सोडलं. दाबताच कॉम्प्युटर सुरू झाला.

"मग हे चकचकीत बटण?"

"शोभेला. पाणीखात्याच्या तक्रारपेटीसारखं."

पत्रकाचा मथळा मी तिथेच टाइप केला: 'शोभेची तक्रारपेटी'.