इटालियन गाडीवरच्या कुरडया

जगात एकच असलेल्या इटालियन गाडीवर मी एकदा कुरडया वाळत घातल्या होत्या.

तारा, ईशान, तुमच्या आईने ही गोष्ट तुम्हाला तिकडे पर्थमध्ये सांगितली असेलच. पण सांगताना ती इतकी हसते की निम्मं गाळते. म्हणून नीट, क्रमाने लिहिते.

ऐंशीच्या दशकात मिल्टन कीन्समध्ये आमच्या शेजारी मिस्टर पीटर्स राहायचे. एकटे, अबोल, आणि सगळा जीव एका स्पोर्ट्स कारमध्ये. इटलीत कधीकाळी नमुना म्हणून ती एकच बनवली; मग कंपनीचा विचार बदलला आणि दुसरी झालीच नाही. मिस्टर पीटर्सना ती एका फार्मवर कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली. वर्षानुवर्षं खपून त्यांनी ती उभी केली. पांढरीशुभ्र, आणि उंची माझ्या कमरेएवढी. ("कुणीतरी इस्त्री फिरवलीय हिच्यावर!" इति तुमचे आजोबा.)

त्या रविवारी गावात जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि ही गाडी रेखाटणारा म्हातारा डिझायनर खास इटलीहून येणार होता. आपली गाडी केव्हाच भंगारात गेली, असं तो समजून चालला होता. मिस्टर पीटर्स आठवडाभर धड जेवले नव्हते.

त्यांच्या घरापुढच्या ड्राइव्हवर खोदकाम चाललेलं, म्हणून गाडी आमच्या दारात उभी होती. शनिवारी सकाळी त्यांनी ती पॉलिश केली, किल्ली आमच्याकडे दिली, "पाऊस आला तर गॅरेजमध्ये घ्याल ना?" म्हणाले आणि केस कापायला गेले.

आणि ऊन पडलं! इंग्लंडमध्ये ऊन पडलं की शेजारी शर्ट काढतात. मी सोऱ्या काढला. एरवी मी कुरडया एअरिंग कबर्डमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीजवळच्या कपड्यांच्या कपाटात, वाळवायची आणि महिनाभर टॉवेलांना वास यायचा. त्या दिवशीही चीक शिजवून तयार होता. मागच्या लॉनवर मांजरांचा वावर, आणि गच्ची ही गोष्ट या देशात नाही. पुढे मात्र भरउन्हात एक सपाट, कोमट, नुकतंच पुसलेलं बॉनेट! इतकी स्वच्छ जागा मला पुण्यातही मिळाली नसती. मी जुनी साडी चौपदरी अंथरली आणि ओळीने कुरडया घातल्या.

आजोबा चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"अगं, हे काय!"

"खाली साडी आहे. ओरखडासुद्धा येणार नाही."

"जगात एकच आहे ती!"

"मग? मी काय बॉनेट तळणार आहे?"

"आणि पीटर्स आला तर?"

"केस कापायला वेळ लागतो, अहो."

"त्याला केस आहेत कुठे?"

कुरडया वरून छान कडक होत आल्या आणि अर्थातच ढग आला. "आधी गाडी आत घ्या!" मी ओरडले. आजोबा कसेबसे आडवे होऊन गाडीत शिरले. (बसण्याची सोय त्या गाडीत नव्हतीच.) बटणांवरचं सगळं इटालियनमध्ये. त्यांनी त्यातल्या त्यात ओळखीचं वाटलेलं बटण दाबलं.

साडीखालून दोन उंचवटे वर आले!

"आई, कार वेक अप झाला!" खिडकीतून तुमची आई किंचाळली. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

त्या गाडीचे दिवे बॉनेटच्या पोटात दडलेले असत आणि बटण दाबलं की वर येत, हे मला कोण सांगणार? कुरडया घरंगळल्या, मोडल्या, काही थेट दिव्याच्या फटीत गेल्या.

"बंद करा! बंद करा!"

त्यांनी बंद केलं. उजवा दिवा शहाण्यासारखा आत गेला. डावा कर्रकर्र करत अर्ध्यावर थांबला. जगातली एकमेव गाडी मिल्टन कीन्सला डोळा मारत उभी राहिली!

मिस्टर पीटर्स परतले तेव्हा मी विणायच्या सुईने कुरडया उकरत होते आणि आजोबा माझ्यावर छत्री धरून होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी वाकून दिवा पाहिला. मग म्हणाले, "ओह डिअर." इंग्रज माणूस एवढंच म्हणाला की समजावं, त्याचं सर्वस्व गेलं. मला रडूच आलं. संध्याकाळपर्यंत तिघांनी खटपट केली. दिवा हलला नाही. जोर करावा, तर तुटल्यावर दुसरा आणणार कुठून?

रविवारी गाडी तशीच मेळाव्याला गेली. मागोमाग आम्ही, मान खाली घालून. डिझायनर काठी टेकत आला. गाडीभोवती फिरला, छपरावर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले. मिस्टर पीटर्सचेही. मग त्याला डावा दिवा दिसला.

"हे मी काढलं नव्हतं," तो म्हणाला.

मिस्टर पीटर्सनी माझ्याकडे बोट दाखवलंही नाही, इतका सज्जन माणूस! मीच पुढे झाले आणि कुरडई म्हणजे काय ते माझ्या उत्तम इंग्रजीत समजावलं. म्हाताऱ्याने दिव्याखाली दोन बोटं घातली, कुठलीशी कळ दाबली आणि एक भलामोठा तुकडा बाहेर काढला. टप्! दिवा आत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्टर पीटर्सनी चक्क आजोबांना मिठी मारली.

माझा जीव भांड्यात पडतोय, तोच म्हाताऱ्याने तो तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "मॅडम, मीठ?"

घरी आल्या आल्या मी उरलेल्यांतली एक चाखून पाहिली. मीठ घालायलाच विसरले होते!