भलत्याच बंगल्यावरची पाटी

लेखकाच्या घराची पाटी मी भलत्याच माणसाच्या बंगल्यावर लावली. ड्रिल मशीन माझं, स्टूल माझं, बोट ठेचलं तेही माझंच.

आता थोडा दोष एका गृहस्थांवर ढकलतो. मुलुंडच्या आमच्या वाचनालयात ते रोज संध्याकाळी यायचे. टाचा उंचावून समोरच्याच्या खांद्यावर बोट आपटायचे आणि म्हणायचे, "लिहून घ्या!" काय लिहून घ्यायचं ते नंतर ठरवायचे. मुलांसाठी लिहिणारे एक लेखक आमच्या भागात राहून गेले. त्यांचे हे स्वयंघोषित वारसदार. लेखक वारले होते, त्यामुळे त्यांच्याकडून हरकत येण्याची भीती नव्हती.

रविवारी शाळेची पोरं गोळा करून ते लेखकाच्या पाऊलखुणा दाखवत हिंडायचे. तलावाच्या कठड्यावर बसून म्हणे लेखकाला हत्तीची गोष्ट सुचली. एकदा कठड्याचं काम चाललं होतं, तर तीच गोष्ट सरकून पलीकडे देवळाच्या पायरीवर सुचली.

"काका, मागच्या वेळी तर तिकडे सुचली होती ना?" एका मुलीनं विचारलं.

"प्रतिभा फिरती असते. लिहून घे!"

तिनं मान हलवली आणि वही मिटली. लिहून घेतलं ते मी. मला लेखकावर पुस्तिका काढायची होती ना!

तो बंगलाही त्यांनीच दाखवला. बोगनवेल, नक्षीची जाळी, झोपाळा. "इथेच राहिले, इथेच लिहिलं!" बंगल्याचे मालक खूश झाले. त्यांनी चहा दिला, मी पाटी ठोकली. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर बंगला आला आणि बंगल्यापुढे पोट आत घेतलेला मी.

पुस्तिका घेऊन लेखकाच्या पत्नी वाचनालयात आल्या. "या बंगल्यात हे शिकवणी घ्यायला जायचे," त्या म्हणाल्या. "तेही मागच्या दारानं. आम्ही राहिलो कारखान्यांच्या मागच्या चाळीत. मी अजून तिथेच आहे. आत जागा नव्हती, म्हणून सकाळी नळ यायच्या आधी हे दारात बसून लिहायचे. आता चाळ पाडतायत. त्याआधी मुलांना एकदा आणशील? फोटो काढून ठेवशील?"

"काकू, येत्या रविवारी नक्की," मी म्हणालो आणि तावातावानं वारसदारांना गाठलं.

"माहितीये मला ती खोली," ते शांतपणे म्हणाले. "समोर संडासाची रांग. पोरांना काय बादल्या दाखवू? लेखकाला शोभेल असं घर मी त्यांना दिलं. लिहून घ्या!"

या माणसाबद्दल मला कधीच आदर नव्हता, त्या दिवशी किळस आली. पण एक गोष्ट त्यांच्या नावावर टाकावीच लागेल. लेखकाची हरवलेल्या सशाची गोष्ट सांगताना शेवटी दर वेळी त्यांचा आवाज फाटायचा. मग भिंतीकडे तोंड करून ते नाक शिंकरायचे. एकही पोर हसायचं नाही. एवढ्या खोट्या माणसाला ते रडू कुठून यायचं, याचा मला अजून राग येतो.

आता मी किती खरा, तेही सांगतो. येता रविवार पुस्तिका वाटण्यात गेला. पुढच्या रविवारी बंगल्याच्या मालकांनी जेवायला बोलावलं होतं, मटण होतं. त्यानंतरच्या रविवारी मी कॅमेरा घेऊन गेलो, तर चाळीच्या जागी पत्र्याचं कुंपण आणि आत जेसीबी.

वारसदार हल्ली दहिसरला मुलाकडे असतात. तिथे नदीकाठी कोणी कवी राहून गेले, असं त्यांच्या लक्षात आलं आहे म्हणे. आमच्या रविवारी आता पोरं जमत नाहीत.

काकू भाड्याच्या खोलीत गेल्या. पत्ता काढून मी माफी मागायला गेलो आणि सवयीप्रमाणे वारसदारांवरच घसरलो. काय माणूस, किती खोटा, लेखकाचं नाव सांगत फिरायला लाज कशी वाटली नाही! काकू लसूण सोलत ऐकत होत्या.

"त्याचं सोड," त्या म्हणाल्या. "तू ह्यांचं एक तरी पुस्तक वाचलंयस का रे?"