तांडेलांची गोळी

तांडेलांची रीत ठरलेली: बुशशर्टच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढायची, एक गोळी तळहातावर घ्यायची, समोर बसलेल्या सगळ्यांना हात फिरवून ती दाखवायची आणि तोंडात टाकून वर तांब्यातलं पाणी प्यायचं. मग थोडा वेळ गप्प उभं राहून म्हणायचं, "बघा. मेलो नाय."

लोक हसायचे. गावोगाव आम्ही आजाराची माहिती द्यायला घ्यायचो त्या सभेत एरवी हसण्यासारखं काही नसे.

मी नर्स आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा माणसांच्या घरी आमची जीप जाते. दुखणं हलकं करायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांना धीर द्यायचा, हे आमचं काम. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. रत्नागिरीच्या आसपासच्या गावांत हे नाव कुणाला ठाऊक नसतं. पण मॉर्फिनच्या गोळीचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, "ती अफूची ना? ती दिली की माणूस संपला." डॉक्टर समजावतात तेव्हा सगळ्या माना हलतात, आणि गोळ्या फळीवर पडून राहतात. तुमच्याही पाहण्यात असं एखादं घर असेल.

तांडेलांचं घर तसंच होतं. आरे-वारेच्या पलीकडचं गाव. उभं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे म्होरके म्हणून गेलेलं, त्यामुळे नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. प्रोस्टेटचा कॅन्सर कंबरेच्या हाडांत उतरला होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते पडवीत गुडघ्यांवर बसून, डोकं बाकड्याला टेकून होते. आडवं पडवत नव्हतं, तरी गोळी घेईनात. त्यांची बायको, आमच्या काकी, म्हणाल्या, "घ्या हो. बघवत नाय मला." काकींसाठी म्हणून त्यांनी घेतली.

पुढच्या खेपेला माणूस अंगणात जाळं सांधत बसलेला. मला म्हणाले, "बाय, ह्या लोकांना सांगाय पायजे."

मग ते आमच्या जीपमधून यायला लागले. कधी देवळात, कधी बुद्धविहारात, कधी शाळेच्या व्हरांड्यात. भाषण त्यांना येत नसे. "मी मरणार हाय. डॉक्टरान सांगितलान. पण काल मी म्हावरा खाल्ला आणि रातभर झोपलो," एवढंच बोलत आणि गोळी काढत. पाली गावात एका म्हाताऱ्याने विचारलं, "दारूसारखी लागते काय हो?" तांडेल म्हणाले, "तशी लागली असती तर मी इथं उभा कशाला राहिलो असतो?" त्या दिवशी घरी जाताना तोच म्हातारा आमच्या डॉक्टरांशी बाजूला जाऊन बोलला. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती.

पाऊस संपता संपता तांडेलांचे पाय गेले. फिरणं थांबलं. मी घरी जात राहिले. एकदा गेले तर काकी दारातच उभ्या. "गोळी बंद केल्यानी," म्हणाल्या.

आत ते टॉवेलचा बोळा दातांत धरून पडले होते. अंग घामाने भिजलेलं. मी टॉवेल काढला, विचारलं, "काका, का?"

बोलायला त्यांना वेळ लागला. "मी आता जाणार, बाय. गोळी घेत असताना गेलो तर लोक काय म्हणतील? गोळीनच मेला. मग पुढं कोण घेणार नाय. बंद करून गेलो, तर म्हणतील रोगान मेला."

"डॉक्टर सांगतील ना लोकांना."

"डॉक्टरांचं ऐकत असते, तर मला कशाला फिरवलं असतंस?"

काकी पेजेची वाटी घेऊन आल्या होत्या, ती त्यांनी खाली ठेवली. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही लोकांसाठी सोसताय. मी लोक नाय काय? हे कण्हणं ह्या घरात मीच ऐकतेय."

त्यांनी काकींकडे मान वळवली. मग त्यांनी तोंड उघडलं. काकींनी गोळी जिभेवर ठेवली.

त्यानंतरचे थोडे दिवस ते बोलले, चार घास जेवले, त्यांनी आपल्या जुन्या बोटीवरच्या खलाशांना निरोप पाठवून बोलावून घेतलं. एका सकाळी चहा पिऊन डोळे मिटले ते मिटलेच.

अंगणात तिरडी बांधत होते. तिथेच कुणीतरी हळू म्हणालं, "शेवटी त्या गोळीनंच नेलान." त्यात वाईट हेतू नव्हता. काकींनी ऐकलं. मीही ऐकलं.

पुढच्या सभेला त्या गावात आमच्यासमोर दोनच बायका बसल्या, आणि त्याही मधेच उठून गेल्या. काही घरांनी गोळ्या परत केल्या.

गेल्या महिन्यात काकींनी मला बोलावून घेतलं. शेजारच्या घरात एका बाईची छातीची गाठ फुटली होती. तिचा मुलगा तांडेलांच्याच बोटीवर वाढलेला. त्याने जखम धुवू दिली, पट्टी बांधू दिली. गोळ्या पुढे केल्या तेव्हा मागे सरकला.

"अरे, त्यांनी घेतलेली तू डोळ्यांनी बघितलीस," काकी म्हणाल्या.

आतून आईचं विव्हळणं येत होतं.

"काका असते, तर त्यांनाच विचारलं असतं," तो म्हणाला.